पहिली स्पोर्ट्स बाईक घेताय? कुठली घ्यायची, कशी बसायची आणि मुख्य म्हणजे थांबवायची कशी

मागच्या महिन्यात आत्याच्या मुलाचा रात्री साडेदहाला फोन. "ताई, केटीएमची आरसी थ्री नाइन्टी फिक्स करतोय, उद्या टोकन देतो, तू फक्त हो म्हण." मी विचारलं, आत्तापर्यंत काय चालवलंयस? तर म्हणे ॲक्टिव्हा, आणि कधीमधी बाबांची स्प्लेंडर. मी म्हटलं टोकन थांबव, रविवारी ये माझ्याकडे, बोलू. त्या रविवारी त्याला जे जे सांगितलं आणि पुढचे तीन रविवार एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर जे करून घेतलं, ते सगळं इथं लिहितेय. कारण मला २०१४ मध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याची किंमत मी गळपट्टीचं हाड मोडून भरली, ते पुढे येईलच.

माझ्याबद्दल एवढंच, की मूळची साताऱ्याची, नोकरीला पुण्यात, उंची पाच फूट दोन. पहिली गाडी सेकंड हँड यामाहा आर वन फाय व्हर्जन टू, आत्ता टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० आहे.

आधी हे डोक्यात बसवा

सगळ्यांना वाटतं स्पोर्ट्स बाईक म्हणजे पिकअप आणि टॉप स्पीड. तसं बघायला गेलं तर सरळ रस्त्यावर रेस द्यायला काहीच शिकावं लागत नाही, मनगट पिरगाळलं की झालं. या गाडीची खरी मजा आणि खरी कमाई आहे ती ब्रेकमध्ये आणि वळणात, तिची फ्रेम, सस्पेन्शन, टायर सगळं त्यासाठीच केलेलं असतं, आणि नेमकं तेच कुणी शिकत नाही. म्हणून पहिली गाडी निवडताना प्रश्न "किती पळते" असा विचारू नका. माझी चूक झाली तर ही गाडी मला सावरायला वेळ देईल का, हे विचारा.

युरोपात नवीन माणसाला थेट मोठी गाडी मिळत नाही. तिथं ए-टू नावाचं मधलं लायसन आहे, त्यावर ३५ किलोवॅट म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवरपर्यंतचीच गाडी चालवता येते. आपल्याकडे अठरा पूर्ण झाले, गिअरच्या मोटारसायकलचं लायसन हातात आलं, की दुसऱ्या दिवशी तुम्ही १३४० सीसीची हायाबुसा घेऊन बाहेर पडू शकता, कायदा अडवत नाही. त्यामुळे ती मर्यादा आपली आपणच घालून घ्यावी लागते. आणि लायसन नसेल तर आधी ते काढा, लर्निंग काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, त्या महिन्यात घरातली कुठलीही साधी गिअरची गाडी चालवून क्लच-गिअर हातात बसवून घ्या. ज्याला चढावर हाफ क्लचवर गाडी धरता येत नाही त्याने स्पोर्ट्स बाईक घेऊच नये, हे मी स्पष्ट सांगते.

कुठली घ्यायची

माझं मत विचाराल तर पहिली गाडी १५० ते २५० सीसीची. त्यात तीन-चार नावं येतात.

यामाहा आर वन फाय. २००८ पासून भारतात आहे, आत्ताच्या व्हर्जन फोरला १५५ सीसी लिक्विड कूल्ड इंजिन, १८.४ पीएस (हॉर्सपॉवरच समजा), वजन १४१-१४२ किलो, पुढे-मागे दोन्हीकडे एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. वजन कमी असल्यामुळे चूक झाली तरी गाडी हाताबाहेर जात नाही, आणि वळणात तर ती इतकी सरळ, प्रामाणिक वागते की शिकायला याच्यापेक्षा चांगली गाडी मला माहीत नाही. ताकद वर आहे, ७४०० आरपीएमच्या पुढे तिचा व्हीव्हीए, म्हणजे वरच्या आरपीएमला ताकद वाढवणारी इंजिनातली सोय, चालू होतो आणि मग ती खरी ओढते, त्यामुळे शहरात खालच्या आरपीएमला ती शांत असते. नवीन माणसासाठी हे चांगलंच आहे. वाईट काय, तर बसणं. हँडल खाली, सीट कडक, रोज हिंजवडी ते हडपसर करणार असाल तर पहिले पंधरा दिवस मनगटं आणि मान रडवतील.

सुझुकी जिक्सर एसएफ २५०. ऑईल कूल्ड, २६.५ पीएस, १६१ किलो, सीटची उंची ८०० मिलिमीटर. दिसायला पूर्ण स्पोर्ट्स पण बसायला बरीच सरळ, त्यामुळे रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा साताऱ्याला-कोल्हापूरला असं ज्यांचं गणित आहे त्यांनी ही आधी बघावी. जिला मिळायला हवं तेवढं कौतुक मिळालं नाही अशी गाडी.

बजाजची पल्सर आरएस २००, २०१५ पासून आहे, २४.५ पीएस. बसणं मवाळ, गावोगावी सर्व्हिस, पार्ट सगळीकडे. आणि हिरोची करिझ्मा एक्सएमआर, २१० सीसी, ही पण याच गटात बसते.

आता केटीएम. आमच्या चाकणला तयार होते, अभिमान आहे, गाडी म्हणून उत्तमच. पण आरसी २०० सुद्धा बसायला बरीच आक्रमक, आणि आरसी ३९० ला तर ४३.५ पीएस आहेत, म्हणजे ॲक्टिव्हावरून उतरलेल्या पोराच्या हातात आर वन फायच्या दुपटीपेक्षा जास्त ताकद. सेकंड गिअरमध्ये मनगट चुकून अर्धा इंच जास्त फिरलं तरी काय होतंय हे कळायच्या आत पुढची रिक्षा जवळ आलेली असते. तीच गोष्ट एप्रिलिया आरएस ४५७ ची. ती आपल्या बारामतीत बनते, ४७.६ पीएस, अगदी त्या युरोपातल्या मधल्या लायसनची मर्यादा समोर ठेवून केलेली. म्हणजे तिकडे ती दुसऱ्या पायरीची गाडी समजतात आणि आपल्याकडे पोरं ती पहिली म्हणून घेतात.

मधे येतात आरआर ३१० आणि कावासाकीची निंजा ३००. निंजाला दोन सिलिंडर, ३९ पीएस, ताकद एकदम अंगावर येत नाही, सावकाश वाढत जाते, आणि सीट ७८० मिलिमीटरच्या आसपास, म्हणून बुटक्या रायडरला बरी. आरआर ३१० ला रेन, अर्बन असे मोड आहेत, रेनमध्ये ती ताकद कमी देते. पण दोन्ही पावणेदोनशे किलोच्या घरातल्या. वर्षभर गिअरची गाडी नीट चालवलेली असेल तर या घ्यायला हरकत नाही, एरवी थांबा.

अजून एक, खिशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्याच्या वर ४० टक्के. म्हणजे ३७३ सीसीची आरसी ३९० आणि आरएस ४५७ वरच्या खान्यात गेल्या, बाकी सगळ्या खालच्या खान्यात. पहिली गाडी लहान घ्यायला हे पण एक कारण.

शोरूममध्ये गेल्यावर

गाडीवर नुसतं बसून फोटो काढून येऊ नका. बूट घालून जा, रोज जे घालता तेच. स्टँडवरून उतरवून दोन्ही पायांत धरा. दोन्ही टाचा टेकायलाच पाहिजेत असं काही नाही, माझ्या तर आजही टेकत नाहीत, दोन्ही पायांचे चवडे टेकले किंवा एक पाय पूर्ण टेकला तरी चालतं. सीटच्या उंचीचा आकडा पण फसवा असतो, आर वन फायची सीट ८१५ मिलिमीटर म्हणजे कागदावर उंच, पण पुढे ती निमुळती आहे त्यामुळे पाय सरळ खाली जातात. बसल्या बसल्या गाडी इंजिन बंद ठेवून पायांनी मागे ढकलून बघा, थोडासा चढ असेल तिथे. हे जमलं नाही तर पार्किंगमध्ये रोज हाल होणार. मग हँडल पूर्ण उजवीकडे, पूर्ण डावीकडे, अंगठा टाकीला चेपतो का बघा. या गाड्यांचं हँडल कमी वळतं, साध्या गाडीवर जिथं एका दमात यू टर्न बसतो तिथं ही बसत नाही.

टेस्ट राईड मागा, आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त मागा, ट्रॅफिकमध्ये न्या. लिक्विड कूल्ड गाडीचा फॅन चालू झाला की गरम हवा मांडीवर येते, हे युनिव्हर्सिटी चौकात सिग्नलला उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

इन्शुरन्स. नवीन दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा असतो, आणि तिथं झिरो डेप, म्हणजे पार्टच्या पैशातून घसारा न कापणारा, घ्याच. कारण साध्या क्लेममध्ये प्लॅस्टिक पार्टचे निम्मे पैसेच मिळतात, आणि या गाड्यांचं अख्खं अंगच प्लॅस्टिकचं. गाडी जागच्या जागी पडली तरी फेअरिंग, म्हणजे हे बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण, तडकतं. त्यासाठीच पहिल्याच दिवशी चांगले फ्रेम स्लायडर, म्हणजे गाडी पडली तर आधी जमिनीला टेकणारे ठोकळे, बसवून घ्या, सायलेन्सर बदलायचे पैसे त्यात घाला. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर कायद्यात बसत नाही आणि शेजारच्या आजोबांची झोप मोडते.

सेकंड हँड घेताय तर

पहिली गाडी पडणार आहे हे गृहीत धरलं तर सेकंड हँड हा शहाणपणाचा रस्ता आहे, फक्त आधी कुणी पाडलीय का ते ओळखता आलं पाहिजे. आत्याच्या मुलासाठी आम्ही एक आरसी २०० बघायला गेलो होतो. चकाचक, पॉलिश मारलेली, मालक म्हणे सिंगल हँडेड, एक ओरखडा नाही. मी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि मोबाईलचा टॉर्च लावून खाली बघितलं. हँडल वळून जिथं अडतं तिथं फ्रेमवर एक छोटा लोखंडी ठोकळा असतो, स्टॉपर. उजव्या बाजूच्या ठोकळ्याचा रंग शाबूत, डाव्या बाजूचा चेपलेला आणि कोपरा उडालेला. मग हँडलच्या टोकाचे वजनाचे गोळे बघितले, एक जुना मळकट, एक नवा कोरा. एवढं पुरे. ही गाडी डाव्या अंगावर जोरात पडलेली होती. आम्ही चहा पिऊन निघून आलो.

तर बघायचं ते असं: स्टॉपर, हँडलची टोकं, फूटरेस्टची टोकं, ब्रेक-क्लचच्या दांड्या घासलेल्या किंवा एकच नवी आहे का. पुढच्या शॉकअपच्या नळीला बोट लावून तेल येतंय का. रेडिएटरच्या जाळ्या चेपल्यात का. इंजिन थंड असताना स्टार्ट करायला सांगा, जायच्या आधी मालकाने गरम करून ठेवलं असेल तर थोडा वेळ थांबा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, पाच वर्षांपेक्षा जुना टायर असेल तर नक्षी कितीही दिसू दे, नव्या टायरचे पैसे भावातून कापून घ्या. कागदात आरसी बुक, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्याशी जुळवा, ई-चलन थकलंय का बघा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. "नंतर नावावर करू" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आणि २०१९ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना एबीएस नाही, तशी गाडी नवीन माणसाने घेऊ नये. माझ्या गाडीला नव्हता.

अंगावर काय

एकूण बजेटमधले पंचवीस-तीस हजार गाडीत घालायचेच नाहीत असं ठरवून बाजूला ठेवा. फुल फेस हेल्मेट आयएसआय मार्कचं, म्हणजे आयएस ४१५१, डोक्यात घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत आणि हेल्मेट हाताने हलवलं तर गालाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. सैल हेल्मेट असून नसल्यासारखं. ग्लोव्हज तळहाताला जाड गादीवाले, कारण पडताना माणूस आधी हात टेकवतो. जॅकेटला खांदा, कोपर आणि पाठ इथे सीई मार्कचे, म्हणजे युरोपातल्या सुरक्षा मानकाचे पॅड. घोटा झाकणारे बूट. गुडघ्याचे गार्ड. मे महिन्यात जॅकेटमध्ये उकडतं हे खरंय, जाळीचं घ्या, पण घाला. बालेवाडीपर्यंत तर जायचंय म्हणून चप्पल घालून निघालेली माणसं मी ससून हॉस्पिटलच्या बाहेर बघितलीयत.

पहिला आठवडा

बसणं हीच अर्धी विद्या आहे. गुडघे टाकीला घट्ट चिकटवा, इतके की दोन्ही हात सोडले तरी पोट आणि मांड्यांच्या जोरावर तुम्ही पुढे कलंडणार नाही. हँडलवर भार टाकायचा नाही, ते नुसतं धरायचं. तपासायची सोपी युक्ती, चालू गाडीवर कोपरं कोंबडीच्या पंखासारखी वरखाली हलवून बघा. हलली तर ठीक, ताठ असतील तर तुम्ही मनगटांवर बसलाय, मग मनगटं दुखणार आणि वळणात गाडी ऐकणार नाही. क्लच आणि पुढच्या ब्रेकवर दोन बोटं कायम ठेवलेली.

नंतर हळू चालवणं. स्पोर्ट्स बाईक पडते ती शंभरच्या स्पीडला क्वचित, सोसायटीच्या गेटात वळताना हमखास. रिकाम्या जागी दोन विटा मांडा, हाफ क्लच, थोडी रेस आणि मागचा ब्रेक किंचित दाबून चालण्याच्या वेगाने त्यांच्याभोवती आठाचा आकडा काढा. या वेगाला पुढचा ब्रेक अजिबात नको, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी बसलीच. मान वळवून जिथं जायचंय तिथं बघायचं, पुढच्या चाकाकडे नाही. आत्याचा मुलगा पहिल्या रविवारी नऊ वेळा पाय टेकवून थांबला, तिसऱ्या रविवारी एकदाही नाही.

गाडी नवी असेल तर पहिले हजार किलोमीटर मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमच्या वर नेऊ नका आणि एकाच आरपीएमला तासभर ठेवूही नका, वरखाली होऊ दे. नव्या टायरलाही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जास्त कलवू नका, त्याचा गुळगुळीतपणा जायला वेळ लागतो. पहिले दोन-तीन महिने डबल सीट कुणाला घेऊ नका, मित्र रुसला तर रुसू दे. मागे माणूस बसला की ब्रेकिंगचं, वळणाचं सगळं गणित बदलतं, तुमचं एकट्याचंच अजून बसलेलं नसतं.

ब्रेक

हा भाग घाईघाईत वाचू नका.

आपल्याकडे घराघरात सांगितलेलं असतं की पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील. सायकलच्या काळातली भीती आहे ती. ब्रेक लागला की गाडीचं सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणजे थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकाकडेच असते. नुसता मागचा दाबणाऱ्याची गाडी थांबत नाही, घसरत जाते. पण पुढचा ब्रेक कचकन ओढायचा पण नाही. वजन पुढे यायला अर्धा क्षण लागतो, तेवढा द्यायचा.

माझी आजी म्हशीची धार काढायची तेव्हा तिची बोटं बघायचे मी. एकदम मूठ आवळायची नाही ती, आधी वरचं बोट, मग खालचं, मग त्याच्या खालचं, दाब वाढत जायचा आणि म्हैस शांत उभी. पुढचा ब्रेक अगदी तसाच. आधी हलका, शॉकअप खाली बसला की मग घट्ट, मग अजून घट्ट, आणि गाडी थांबत आली की पुन्हा हळूच सैल.

सराव असा करा. रविवारी सकाळी सातला एमआयडीसीतला सरळ कोरडा रिकामा रस्ता, मागेपुढे कुणी नाही याची खात्री करून. खडूने रेघ मारा. ताशी तीसच्या स्पीडने या, रेघेवर ब्रेक सुरू, किती पावलांत थांबली मोजा. पंधरा वेळा. मग चाळीस, मग पन्नास, त्याच्या वर रस्त्यावर सराव नको. दोन्ही ब्रेक, क्लच शेवटी, नजर समोर दूर, गुडघे टाकीला. एकदा तरी मुद्दाम एबीएस लागेपर्यंत दाबा, दांडी बोटाखाली थडथडते, नवीन माणूस घाबरून सोडून देतो. सोडायची नाही, दाबून धरायची, ते थडथडणं म्हणजे एबीएस त्याचं काम करतोय.

आता एक हिशोब डोक्यात ठेवा. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत तो सेकंद जातोच. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक मारला तरी साधारण २० मीटर, एकूण ३७. तेच ताशी १०० ला २८ आणि ५६, एकूण ८४ मीटर. स्पीड दुप्पटही झालेला नाही, आणि थांबायला दुपटीपेक्षा जास्त रस्ता. हायवेवर समोर किती रस्ता रिकामा दिसतोय ते बघा आणि त्यावरून आपला स्पीड ठरवा. ओल्या रस्त्यावर हे आकडे अजून वाढतात.

वळण आणि घाट

वळणाचं सगळं काम वळणाच्या आधी संपलेलं पाहिजे. स्पीड कमी, गिअर कमी, सरळ असतानाच. मग मान वळवून वळणाच्या शेवटाकडे बघायचं, ज्या बाजूला वळायचंय त्या बाजूचं हँडल हलकं पुढे ढकलायचं, उजवीकडे जायचंय तर उजवं. ऐकायला उलटं वाटतं पण वेगात गाडी अशीच कलते, सायकलवर पण आपण नकळत हेच करतो. वळणात रेस एकसारखी, किंचित वाढती. मधेच रेस सोडायची नाही, मधेच ब्रेक ओढायचा नाही.

माझं काय झालं ते सांगते. २०१५, पावसाळा संपत आलेला, पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत होते. पुढे ग्रुपमधले दोघं, त्यांना गाठायच्या नादात एका डावीकडच्या वळणात मला झेपेल त्यापेक्षा जास्त स्पीडने शिरले. वळण उघडेना, अजून आत वळत गेलं. समोरून एसटी येत होती आणि माझी नजर तिच्या बंपरवर खिळली, आणि नजर जिथं खिळते तिथंच गाडी जाते, हे मी त्या दिवशी शिकले. घाबरून पुढचा ब्रेक पूर्ण ओढला. एबीएस नव्हता. पुढचं चाक लॉक झालं, गाडी डाव्या अंगावर पडली आणि आम्ही दोघी घसरत रस्त्याच्या मध्यापर्यंत गेलो. ड्रायव्हरकाकांनी एसटी वेळेत थांबवली, खाली उतरून स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. डावं गळपट्टीचं हाड मोडलं, सात आठवडे हात गळ्यात. गाडीला एबीएस असता आणि मी बंपर सोडून वळणाच्या आतल्या रस्त्याकडे बघितलं असतं, तर बहुतेक तेवढ्याच स्पीडला ती वळली असती. इंजिनने मला पाडलं नाही, माझ्या नजरेने आणि माझ्या बोटांनी पाडलं.

घाटात आपली लेन म्हणजे आपलं घर. उजवीकडच्या वळणात गाडी मध्यरेषेच्या आत असली तरी कलल्यावर तुमचं डोकं रेषेपलीकडे जातं, समोरून येणाऱ्या टेम्पोच्या आरशाला ते दिसत नाही, म्हणून उजव्या वळणात शिरताना डावीकडे राहा आणि उशिरा आत या. डावीकडच्या वळणात बाहेर फेकले गेलात तर थेट समोरच्याच्या लेनमध्ये, म्हणून तिथं स्पीड अजून कमी. हेअरपिनला हॉर्न, चढणाऱ्या गाडीला आधी वाट. गुडघा टेकवायची हौस असेल तर कोइमतूरचा करी किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक आहे, तिथं शिकवायला माणसं असतात आणि समोरून एसटी येत नाही.

आणि ग्रुपमध्ये गेलात तर आपल्या स्पीडने. पुढचे पुढे चहाला थांबतातच.

आपले रस्ते

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट, टपरीवर थांबा. पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं, पुलाचे लोखंडी सांधे ओले असताना साबणासारखे, त्यावर कलायचं नाही, ब्रेक नाही. ताम्हिणीत पावसाळ्यात वळणावळणाला शेवाळ आणि रस्त्यात सेल्फी काढणारी माणसं.

आमच्या सातारा-कोल्हापूर भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू झाली की रात्री स्पोर्ट्स बाईक काढूच नये असं माझं प्रामाणिक मत आहे. मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर अशा दोन-दोन ट्रॉल्या अंधारात रस्त्याच्या निम्म्यात, हेडलाईटमध्ये दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. शेताच्या वाटा जिथं डांबरीला मिळतात तिथं टायरला लागून आलेला चिखल आणि पाचट पसरलेलं असतं. दिवसा पण अशा फाट्यांवर गाडी सरळ ठेवा.

हेही लक्षात ठेवा की मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू आणि सी लिंक यांवर दुचाकीला बंदी आहे. मॅपला दुचाकीचा पर्याय लावूनच निघा.

देखभाल, थोडक्यात

आठवड्याला टायरची हवा, गाडी थंड असताना, आकडा गाडीच्या स्टिकरवर असतो तोच, पंपवाल्या पोराला "चाळीस-चाळीस मार" म्हणू देऊ नका. चेन दर पाचशे किलोमीटरला साफ करून लुब्रिकंट मारा, राईडवरून आल्यावर चेन कोमट असताना, आतल्या बाजूने. चेन साफ करताना इंजिन चालू ठेवून चाक फिरवायचं नाही, बोटं जातात, चाक हातानेच फिरवा. ब्रेक पॅड आणि कूलंट महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे.

पहिली लांबची राईड

पुणेकरांसाठी माझा सल्ला चांदणी चौक, पौड, मुळशी धरण आणि परत. शहरातून जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास किलोमीटर. सकाळी सहाला निघा, पौडला चहा, धरण दिसलं की पाच मिनिटं थांबून मनगटं मोकळी करा आणि तिथूनच मागे वळा. पुढे ताम्हिणी सुरू होतो, तो दुसऱ्या महिन्यासाठी ठेवा. साडेनऊनंतर त्या रस्त्यावर कारवाल्यांची गर्दी होते, त्याच्या आत घरी.

घरी आल्यावर गाडी लावून लगेच वर जाऊ नका. टायरला हाताने चाचपून बघा, खिळा-काच काही आहे का, चेनला लुब्रिकंट मारा, आणि आज कुठल्या वळणात भीती वाटली, कुठे ब्रेक उशिरा लागला ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. आत्याच्या मुलाने शेवटी जिक्सर एसएफ २५० घेतली, पहिल्या राईडनंतर त्याने मला तीन ओळी पाठवल्या होत्या, त्यातली एक "पौडच्या पुढच्या उजव्या वळणात मी कठड्याकडे बघत होतो". पुढच्या रविवारी आम्ही त्याच वळणावर जाणार आहोत, तो पुढे आणि मी मागे.